सहा कोटी सूत्रकृमी आणि आपला कान

डोळ्यातलं ऱ्होडॉप्सिन, म्हणजे प्रकाश पकडणारं प्रोटीन, नेमकं कसं दिसतं, म्हणजे कुठला अणू कुठे बसलाय, हे २००० साली कळलं. गुरांच्या रेटिनामधून प्रोटीन काढलं, त्याचे स्फटिक केले, एक्स-रे मारले, झालं. (झालं म्हणायला सोपं आहे, लोकांची उमेदीची वर्षं गेली त्यात, पण आत्ता मुद्दा तो नाही.) मुद्दा हा की माल भरपूर होता. एका रॉड पेशीत (अंधुक उजेडात बघणारी डोळ्यातली पेशी) ऱ्होडॉप्सिनचे साधारण १० कोटी रेणू असतात आणि माणसाच्या एका डोळ्यात अशा १२ कोटी रॉड पेशी, त्यामुळे खाटिकखान्यातून डोळे आणायचे आणि कामाला लागायचं.

आता कान घ्या. एका कानाच्या कॉक्लिआमध्ये, म्हणजे आतल्या कानातल्या शंखासारख्या भागात, हेअर सेल (आवाज टिपणाऱ्या पेशी) किती, तर १६,०००च्या आसपास. हो, हजार, कोटी नाही. प्रत्येक हेअर सेलच्या डोक्यावर पन्नास ते शंभर बारीक केस, ज्यांना स्टिरिओसिलिया म्हणतात, आणि त्यातल्या बहुतेकांच्या टोकाशी आवाज 'पकडणारे' चॅनल (पेशीच्या पडद्यातली दारं, ज्यांतून आयन म्हणजे विद्युतभारित कण आत शिरतात) अगदी मोजकेच, एखाददुसरा. ढोबळ गुणाकार केला तरी एका अख्ख्या कानात हे चॅनल काही दशलक्षांच्या घरात जातात, म्हणजे डोळ्यातल्या एकाच रॉड पेशीत जेवढं ऱ्होडॉप्सिन असतं त्याच्या जवळपासही नाही. बरं हे सगळं कवटीच्या सगळ्यात कडक हाडात पुरलेलं. त्यामुळे कानाच्या बाबतीत उलटंच झालं, मशीन चालतं कसं ते आधी कळलं आणि मशीनचे पार्ट कोणते ते कळायला पुढची जवळजवळ चाळीस वर्षं गेली. मी बायोकेमिस्ट्री शिकले, आता त्या फील्डमध्ये नाही, पण ही अडलेली गोष्ट कुठवर आली ते अधूनमधून बघत असते आणि गेल्या काही वर्षांत ती मस्त सुटत चाललीय म्हणून हे लिहायला घेतलंय.

सुरुवात बेडकापासून. १९७०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत जिम हडस्पेथ आणि डेव्हिड कोरी बुलफ्रॉगच्या आतल्या कानातला सॅक्युल नावाचा भाग बाहेर काढून त्यातल्या हेअर सेलचे केस काचेच्या सुईने हलवून बघत होते, हलवल्यावर किती वेळात करंट वाहायला लागतो ते. उत्तर आलं ४० मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा पंचवीस हजारावा भाग. हा आकडा बघून जीवशास्त्रवाल्यांनी दचकायलाच हवं, कारण डोळ्यात काय होतं, तर प्रकाश पडला की ऱ्होडॉप्सिन दुसऱ्या प्रोटीनला जागं करतं, ते एका एंझाइमला, मग कुठे चॅनल, आणि या सगळ्याला मिलिसेकंदांच्या हिशोबात वेळ लागतो. ४० मायक्रोसेकंदांत असली निरोपानिरोपी होऊच शकत नाही. मग एकच शक्यता उरते, केस वाकला की चॅनलचं दार थेट ओढलं जातं, मध्ये केमिस्ट्री नाहीच. आपण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू शकतो (निदान लहानपणी तरी) आणि वटवाघळं त्याच्या कितीतरी वर, ते याच जोरावर.

मग १९८३ मध्ये दोघांनी गणित मांडून म्हटलं की इथे एखादी स्प्रिंग असली पाहिजे जी दाराला ओढते. कोणी पाहिली नव्हती हां. आणि पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, इंग्लंडमध्ये पिकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनीपिगच्या कॉक्लिआचे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली फोटो काढले तर त्यात खरंच एक धागा दिसला, बुटक्या केसाच्या टोकापासून निघून शेजारच्या उंच केसाच्या अंगाला चिकटलेला. केस चढत्या उंचीच्या रांगांमध्ये उभे असतात, त्यामुळे सगळी जुडी उंच बाजूला कलली की हा धागा ताणला जाणार आणि दार उघडणार, दुसऱ्या बाजूला कलली की सैल. टिप लिंक हे त्याचं नाव. लांबी साधारण १५० ते १८० नॅनोमीटर.

धागा कशाचा आहे ते मात्र फोटोवरून कळत नाही. ते कळलं आजारी माणसं आणि वेड्यासारखे गोल फिरणारे उंदीर यांच्याकडून. प्रयोगशाळांमध्ये वॉल्ट्झर नावाचे उंदीर फार पूर्वीपासून पाळले जातात, हे जन्मतः बहिरे आणि स्वतःभोवती गरागरा फिरत राहणारे, डोकं सारखं हलवणारे. माणसांमध्ये अशर सिंड्रोम टाइप वन म्हणून आजार आहे, मूल जन्मतः बहिरं, चालायला उशिरा लागतं, दीड वर्षाचं झालं तरी बिचारं तोल सांभाळत असतं, आणि मग वयात येताना रातांधळेपणा सुरू होऊन नजर हळूहळू आक्रसत जाते. २००१च्या आसपास कळलं की या उंदरांमध्ये आणि या पेशंटमध्ये बिघडलेली जीन्स तीच आहेत, कॅडहेरिन-२३ आणि प्रोटोकॅडहेरिन-१५. पुढे २००७ मध्ये पक्कं झालं की धाग्याचा वरचा भाग कॅडहेरिन-२३ आणि खालचा, म्हणजे चॅनलच्या बाजूचा, प्रोटोकॅडहेरिन-१५.

इथपासून मला खरी मजा येते. कॅडहेरिन म्हणजे पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणाऱ्या प्रोटीनचं घराणं, त्वचेत, हृदयात सगळीकडे असतात, पण त्यांच्यात पेशीबाहेर आलेले तुकडे सहसा पाच. कॅडहेरिन-२३ मध्ये तेच २७ आहेत, एकापुढे एक जोडलेले, आणि प्रोटोकॅडहेरिन-१५ मध्ये ११. दोन तुकड्यांच्या सांध्यात कॅल्शियमचे आयन बसतात आणि ते असले तरच सांधा ताठ राहतो, कॅल्शियम काढून घेतलं की सगळं लुळं पडतं. प्रयोगात कॅल्शियम शोषून घेणारं केमिकल टाकलं की टिप लिंक तुटतात आणि हेअर सेल तत्क्षणी बहिरी होते, हे नेहमीचंच तंत्र आहे. गंमत म्हणजे कॉक्लिआत हे केस ज्या द्रवात बुडालेले असतात त्यात मुळातच कॅल्शियम अतिशय कमी आणि पोटॅशियम भरमसाट असतं, म्हणजे हा धागा सतत अगदी काठावर जगत असतो. सांध्यातला कॅल्शियम धरणारा एखादा अमिनो आम्ल बदलला तरी बहिरेपण येऊ शकतं, ते यामुळेच.

दोन प्रोटीन एकमेकांना धरतात कुठे, ते २०१२ मध्ये मार्कोस सोतोमायोर, रॅशेल गॉडेट आणि कोरी यांच्या टीमने स्फटिक करून दाखवलं. पूर्ण प्रोटीन नाही, फक्त टोकाचे दोन-दोन तुकडे. दोघांची टोकं विरुद्ध दिशांनी येऊन एकमेकांच्या अंगावर पसरतात, ते लोक याला हँडशेक म्हणतात. पण धागा एकेरी नसतो, दोन कॅडहेरिन आणि दोन प्रोटोकॅडहेरिन अशा जोड्या असतात, म्हणजे हात दोन्हीकडून दोन-दोन आणि वर सतत ताण, त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर तर फुगडीच येते, दोघी मागे रेलल्यात, एक हात सुटायला आला तरी दुसऱ्या हाताने धरलेलं असतं आणि तेवढ्यात पहिला परत पकडता येतो. एकेका रेणूला ओढून बघणाऱ्या प्रयोगांतही हेच निघालं की एकेरी पकड पटकन सुटते आणि दुहेरी बरीच जास्त टिकते. आपल्याकडे मोहालीच्या आयसर या विज्ञानसंस्थेत सब्यसाची रक्षित यांची लॅब याच जोडीवर काम करते, ही प्रोटीनं ओढून बघायची, म्युटेशन असलेली आणि नसलेली, कुठली कधी सुटते. भारतात असलं काम चालतं हे आपल्याकडच्या सायन्सच्या पोरांनाही माहीत नसतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

हे सगळं नुसतं कागदावरचं नाही. भयंकर मोठा आवाज झाला की टिप लिंक तुटलेल्या दिसतात. डीजेच्या भिंतीसमोर किंवा ढोलपथकात कानात काही न घालता उभं राहिल्यावर रात्री कानात दडे बसल्यासारखं होतं आणि दुसऱ्या दिवशी बरं वाटतं, त्याला अनेक कारणं आहेत, पण तुटलेल्या टिप लिंक परत विणल्या जाणं हे त्यातलं एक असू शकतं. उंदरांच्या हेअर सेलवर २०१३ मध्ये हे कसं होतं ते बघितलंय: आधी दोन्ही बाजूंनी प्रोटोकॅडहेरिन-१५च येऊन तात्पुरता जोड घालतं, आणि मग साधारण दीड दिवसात कॅडहेरिन-२३ येऊन खरा धागा तयार होतो. पण धागा परत येतो म्हणून निर्धास्त राहू नका, कारण हेअर सेलच मेली तर सस्तन प्राण्यांच्या कॉक्लिआत ती परत येत नाही. कोंबडीत येते. कोंबडी या बाबतीत आपल्यापेक्षा नशीबवान.

आणि एक मजा, जगभरच्या लॅबमध्ये सगळ्यात जास्त वापरला जाणारा तो काळा उंदीर, सी५७बीएल/६, त्याच्या कॅडहेरिन-२३ मध्येच एक छोटा दोष आहे आणि तो ऐन तारुण्यापासूनच बहिरा व्हायला लागतो. किती वर्तणुकीचे प्रयोग या अर्धवट बहिऱ्या उंदरांवर झाले असतील कोण जाणे!

बरं, धागा झाला. दार कुठलं?

याच्यात लोक फार भरकटले. २००४ मध्ये नेचर या जर्नलमध्ये छापून आलं की टीआरपीए-१ नावाचं प्रोटीन म्हणजेच ते चॅनल, सगळे खूश, आणि दोन वर्षांत ते जीन काढून टाकलेले उंदीर तयार झाले तर ते व्यवस्थित ऐकत होते. (टीआरपीए-१ खरं तर मोहरीचा आणि वसाबीचा झणका जाणवून देणारं चॅनल निघालं.) त्या पेपरवर कोरींचंच नाव होतं, आणि तेच पुढे खरं दार शोधण्यातही होते, मला हे आवडतं. २०२१ च्या नोबेलमध्ये स्पर्शाच्या पिएझो चॅनलचा शोधही होता, तेव्हाही बऱ्याच जणांनी लिहून टाकलं की ऐकण्याचं कोडं सुटलं, पण कानाचं मुख्य चॅनल पिएझो नाही.

खरा उमेदवार आला कुटुंबांमधून. २००२ मध्ये टीएमसी-१ हे नवीन जीन सापडलं, आणि ज्या घरांमध्ये आई आणि वडील दोघांकडून दोष आल्यावर मुलं बहिरी होत होती त्या घरांमध्ये भारतातली आणि पाकिस्तानातली होती, नात्यात लग्न होणारी. आपल्याकडे मामाची मुलगी, आत्याचा मुलगा असली लग्नं महाराष्ट्रात आणि त्याच्या दक्षिणेला अजून होतात, आणि अशा लग्नांमुळे लपून बसलेली जीन्स एकत्र येतात. हे मी कोणाला नावं ठेवायला लिहीत नाहीये, पण जगाला हे जीन या घरांमुळे मिळालं हे खरंय. (भारतात जन्मजात बहिरेपणात सगळ्यात जास्त सापडणारं जीन मात्र वेगळंच, कनेक्सिन-२६, त्याच्यावर कधीतरी स्वतंत्र.)

टीएमसी-१ हेच दार, हे सिद्ध करायला मग सोळा वर्षं लागली. कारण हे प्रोटीन दुसऱ्या साध्या पेशीत बनवलं तर ते पेशीच्या बाहेरच्या पडद्यापर्यंत पोचतच नाही, आत अडकून बसतं, त्यामुळे 'दुसऱ्या पेशीत घाला आणि करंट मोजा' हा चॅनलवाल्यांचा हमखास प्रयोग इथे बंद. २०१८ मध्ये होल्ट आणि कोरींच्या टीमने उंदरांच्या हेअर सेलमध्येच टीएमसी-१च्या ठराविक जागांवर एकेक अमिनो आम्ल बदललं, मग त्या जागेला चिकटणारं रसायन सोडलं, तर करंट बदलला, म्हणजे त्या जागा चॅनलच्या भोकाच्या आत आहेत. मग २०२० मध्ये चीनमध्ये कोणाचं प्रोटीन शुद्ध होतंय म्हणून वेगवेगळ्या प्राण्यांचं ट्राय करून बघितलं आणि चाललं कोणाचं, तर समुद्री कासवाचं टीएमसी-१ आणि बजरीगर पोपटाचं टीएमसी-२! ते कृत्रिम पडद्यात बसवून ताण दिल्यावर करंट वाहिला.

आणि २०२२ मध्ये चित्र आलं. ओरेगनमध्ये एरिक गोवॉ यांच्या लॅबने शेवटी कानाचा नादच सोडला आणि सी. एलेगन्स हा मिलिमीटरभर लांबीचा सूत्रकृमी घेतला, ज्याला कान नाहीत. त्याच्याकडे टीएमसी-१ आहे. त्या प्रोटीनला एक खूण जोडून, तीन वर्षं कृमी वाढवून, सहा कोटी कृमी गोळा करून, त्यातून जेमतेम क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीपुरतं (प्रोटीन गोठवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने त्याचं चित्र काढायचं तंत्र) प्रोटीन हाती आलं. सहा कोटी! त्यात दिसलं की टीएमसी-१ जोडीने असतं, प्रत्येकाच्या दहा हेलिक्स (मळसूत्री वळ्या) पडद्यातून आरपार गेलेल्या, म्हणजे भोकं दोन, आतल्या अंगाला कॅल्शियम धरणारं एक मदतनीस प्रोटीन (आपल्यात त्याचा भाऊबंद सीआयबी-२) आणि बाजूंना टीएमआयई नावाचं प्रोटीन. टीएमआयई आणि सीआयबी-२ यांचे दोष माणसात बहिरेपण देतात हे आधी माहीत होतं, ते बसतात कुठे ते आता दिसलं. आपल्यातलं चॅनल हुबेहूब असंच असेल असं नाही, पण निदान बघायला काहीतरी आलं.

आता तोल. लोकांना वाटतं कान म्हणजे ऐकणं आणि तोल हे काहीतरी जोडखातं. पण आतल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि युट्रिकल-सॅक्युल या तोलाच्या पिशव्यांमध्ये हेच केस, हाच धागा, हीच दारं आहेत, फरक इतकाच की तिथे टीएमसी-२ सुद्धा कामाला असतं, म्हणून नुसतं टीएमसी-१ गेलेली माणसं बहिरी होतात पण तोल बऱ्यापैकी राहतो, आणि उंदरांमध्ये दोन्ही काढली की ते बहिरेही होतात आणि गोल गोल फिरायलाही लागतात. धागा मात्र दोन्हीकडे तोच, त्यामुळे धाग्यात मोठा दोष असला की दोन्ही जातं. अशर टाइप वनची मुलं उशिरा का चालतात त्याचं उत्तर हेच.

युट्रिकलमध्ये केसांच्या वर जेलीचा थर आणि त्याच्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात, ते सुद्धा प्रोटीनच्या सांगाड्यावर वाढलेले, आणि वजनामुळे ते खाली ओढले जातात म्हणून आपल्याला खाली कुठे ते कळतं. माझ्या मावशीला गेल्या वर्षी कूस बदलली की खोली गरगरायची, घरच्यांनी बीपी, शुगर, मणका सगळं तपासून झालं, आणि शेवटी निघालं काय, तर हे कण सुटून नलिकेत गेलेले. ईएनटीवाल्यांनी तिचं डोकं ठराविक क्रमाने वळवून कण परत जागेवर ढकलले, एप्ले मॅन्यूव्हर म्हणतात, गोळी नाही काही नाही. ती अजून म्हणते की डॉक्टरने मंत्र टाकला.

तोल जाण्याचं दुसरं कारण मात्र इतकं सुखाचं नाही. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, कॅनामायसिन ही अँटिबायोटिकची इंजेक्शनं. टीबीवर कित्येक वर्षं स्ट्रेप्टोमायसिन दिलं गेलं आणि जुन्या पेशंटपैकी काहींचं ऐकणं गेलं, काहींना अंधारात चालता येईना. हे रेणू हेअर सेलमध्ये शिरतात ते याच दारातून. म्हणजे आवाजासाठी उघडणारं दार औषधालाही आत घेतं आणि मग पेशी मरते. त्या दाराचं भोक इतकं मोठं का, हे आता स्ट्रक्चर हातात असल्यामुळे नीट विचारता येतं, आणि औषध आत जाऊ नये म्हणून काही करता येईल का तेही.

प्रेस्टिनबद्दल थोडक्यात, नाहीतर हे संपणार नाही. बाहेरच्या हेअर सेल नुसत्या ऐकत नाहीत, त्या विजेच्या तालावर लांब-आखूड होऊन आवाज वाढवतात, आणि हे करणारं प्रोटीन म्हणजे प्रेस्टिन, २००० साली सापडलेलं. २०२१ मध्ये माणसाच्या आणि डॉल्फिनच्या प्रेस्टिनची चित्रं आली, त्यात हेही दिसलं की ॲस्पिरिनमधलं सॅलिसिलेट नेमकं प्रेस्टिनमधल्या क्लोराइड बसण्याच्या जागी जाऊन अडकतं, म्हणून ॲस्पिरिनचा मोठा डोस घेतला की कानात गुणगुण होते आणि ऐकू कमी येतं. बाहेरच्या हेअर सेलच्या या हालचालीमुळे कान स्वतःही बारीक आवाज करतो. नवजात बाळाची ओएई टेस्ट म्हणजे तोच आवाज माइकने ऐकणं.

पण ओएई नॉर्मल आली म्हणजे सगळं ठीक असं नाही बरं का. ओटोफर्लिन नावाचं प्रोटीन बिघडलं असेल तर धागा नीट, दार नीट, प्रेस्टिन नीट, आणि तरी बाळ बहिरं, कारण हेअर सेल पुढे नसेला निरोपच देत नाही. अशी मुलं ओएई पास होतात आणि बेरा टेस्टमध्ये (आवाजानंतर नसेतून मेंदूकडे सिग्नल जातोय का ते बघणारी तपासणी) सापडतात. याच ओटोफर्लिनवर पहिली जीन थेरपी चालली: २०२४च्या जानेवारीत शांघायच्या टीमचे निकाल लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आले, सहापैकी पाच मुलांना ऐकू यायला लागलं. जीन ज्या व्हायरसमध्ये भरून नेतात त्यात ते मावत नव्हतं म्हणून दोन तुकडे करून दोन व्हायरसमधून पाठवलं आणि पेशीत जोडलं.

ही जागेची अडचण टिप लिंकला आणखीनच नडते, प्रोटोकॅडहेरिन-१५ही मावत नाही आणि कॅडहेरिन-२३ तर त्याहून कितीतरी मोठं. मग प्रोटोकॅडहेरिन-१५ चे ११ तुकडे कसे दिसतात, कुठला सांधा कसा वाकतो हे माहीत असल्यामुळे काही जणांनी (कोरी आणि सोतोमायोर त्यात आहेतच) धागाच आखूड करायचं ठरवलं. टोकाची पकड ठेवली, चॅनलकडची बाजू ठेवली, मधले काही तुकडे काढून टाकले आणि एका व्हायरसमध्ये बसेल एवढं मिनी-प्रोटोकॅडहेरिन बनवलं. २०२३ मध्ये पेपर आला, अशरचा दोष घातलेल्या उंदरांच्या केसांवर टिप लिंक परत दिसल्या आणि उंदीर ऐकायला लागले. माणसात अजून बराच पल्ला आहे, डोळ्याचं काय ते बघायचंय, आणि २७ तुकड्यांच्या कॅडहेरिन-२३ मधून किती काढले तर वरची बाजू तग धरेल हा हिशोब वेगळाच आहे.